शासनव्यवहाराचा पेपर नव्याने लावताना: इंदूर येथील प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

लोकप्रशासनाच्या एम.ए. पहिल्या सत्रातील ‘शासनव्यवहार’ (गव्हर्नन्स) या चार क्रेडिटच्या पेपरची फेररचना करण्याचे काम विभागाने तिघांच्या उपसमितीकडे सोपवले असून कामाची नोंद ठेवणे माझ्याकडे आले आहे. पदवीचा अभ्यासक्रम मध्य प्रदेशात केंद्रीय अध्ययन मंडळ ठरवते आणि तो राज्यभर जवळपास सारखाच चालतो, त्यामुळे तिथे आमच्या हाती फारसे काही नाही. पदव्युत्तर पेपर मात्र आमचे महाविद्यालय स्वायत्त असल्यामुळे आमच्याच अध्ययन मंडळापुढे जातो, म्हणून सुरुवात तिथून करण्याचे ठरले.

सध्याचा पेपर पुढीलप्रमाणे चालतो. जागतिक बँकेने १९८९ साली आफ्रिकेविषयीच्या अहवालात या विषयाची चर्चा कशी सुरू केली, इथपासून आरंभ होतो. नंतर सुशासनाची आठ लक्षणे, ई-शासन, नागरिकांची सनद, माहितीचा अधिकार आणि शेवटी त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती. महामारीनंतर या शेवटच्या घटकाच्या शेपटीला ‘कोविड-१९ आणि सुशासन’ अशी एक ओळ जोडली गेली. परीक्षेत तिच्यावर टीप विचारली जाते, आणि आरोग्य सेतू, कोविन व १६ जानेवारी २०२१ ही लसीकरणाच्या प्रारंभाची तारीख लिहिली की पूर्ण गुण मिळतात. मार्च २०२० मध्ये सराफ्यातले दुकान नेमके कोणाच्या अधिकाराने बंद झाले, त्या बंदीविरुद्ध दाद कोणाकडे मागता आली असती आणि तिचा खर्च कोणत्या खात्यात पडला, हे हा पेपर शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला सांगता येत नाही. उपसमितीने हाच प्रश्न कामाचा निकष म्हणून समोर ठेवला आहे.

२४ जून

पदवीच्या वर्षांत मुलांनी आणीबाणीच्या तीन तरतुदी पाठ केलेल्या असतात: अनुच्छेद ३५२, ३५६ आणि ३६०. महामारी हाताळण्यासाठी यांपैकी एकीचाही आधार घेतला गेला नाही. टाळेबंदीचा राष्ट्रीय निर्देश २४ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ६ खाली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिला, त्याच दिवशी गृह मंत्रालयाने कलम १० खाली त्याची मार्गदर्शक सूचना काढली, आणि या कायद्याखालचे केंद्रीय निर्बंध ३१ मार्च २०२२ पर्यंत या ना त्या रूपात चालू राहिले. राज्यांनी आपले आदेश काढताना त्याच्या जोडीला साथरोग अधिनियम १८९७ आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ वापरले. देश दोन वर्षे ज्या कायद्यांवर चालला, त्यांचा आमच्या पेपरमध्ये नामोल्लेखही नाही, आणि जी तरतूद वापरलीच गेली नाही तिच्यावर मात्र दीर्घोत्तरी प्रश्न येतो.

१८९७ चा कायदा मूळ चारच कलमांचा आहे, त्यामुळे तो वर्गात एका तासात शब्दशः वाचता येतो. पुण्याच्या प्लेगचा इतिहास आपल्याकडे रँडच्या खुनाच्या निमित्ताने घरोघरी सांगितला जातो. पण त्या खुनाआधी घरझडत्या घेणाऱ्या पथकांना ज्या कायद्याने मोकळीक दिली, तो कायदा वाचलेला माणूस क्वचित भेटतो. त्याच्या दुसऱ्या कलमात सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय करण्याची मुभा आहे, तिसऱ्यात शिक्षा आणि चौथ्यात सद्हेतूने काम करणाऱ्यांविरुद्ध दावा चालणार नाही असे संरक्षण आहे. रोग म्हणजे काय, साथ म्हणजे काय, उपाय कितपत कठोर असावेत, यांविषयी त्यात काही नाही. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा मोठा अधिकार कसा देता येतो, हे दाखवण्यासाठी यापेक्षा चांगला पाठ मिळणार नाही.

याच पाठाला इंदूरचा एक धागा जोडता येतो. १ एप्रिल २०२० रोजी शहराच्या एका जुन्या वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली; असे प्रकार देशात इतरत्रही घडले आणि २२ एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद या कायद्यात घातली. सव्वाशे वर्षे जवळपास जसाच्या तसा राहिलेला कायदा एका महिन्यात कशामुळे बदलला, असा प्रश्न त्यावर विचारता येईल. वस्तीचे नाव मी अभ्याससाहित्यात मुद्दाम घातलेले नाही. ते नाव उच्चारले की वर्गात वस्तीवरच चर्चा सुरू होते आणि कायदा बाजूला पडतो.

३ जुलै

पेपरचा पहिला घटक कागदाच्या वाचनाचा असावा, असा मसुदा मी उपसमितीला पाठवला. विद्यार्थ्याने महामारीच्या काळातला एक मूळ आदेश घ्यायचा, तो काढणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, ज्या कलमाचा आधार घेतला ते कलम, मोडणाऱ्याला होणारी शिक्षा, अंमलबजावणीचा खर्च उचलणारी यंत्रणा आणि दाद मागण्याची जागा शोधायची, आणि जे आदेशात लिहिलेले नाही तेही नोंदवायचे. सिद्धान्त त्यानंतर येईल. आठ लक्षणे आधी शिकवली की मुले प्रत्येक आदेशात ती लक्षणे शोधून दाखवतात, आणि शोधणाऱ्याला ती सापडतातच.

या वाचनाला संविधानाच्या सातव्या अनुसूचीची, म्हणजे केंद्र व राज्यांतील विषयवाटणीच्या तीन सूचींची, जोड अपरिहार्य आहे. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीतील सहाव्या नोंदीत आहे, बंदरांवरचे विलगीकरण संघसूचीत अठ्ठाविसाव्या नोंदीत आहे, आंतरराज्यीय स्थलांतर आणि आंतरराज्यीय विलगीकरण एक्याऐंशीव्या नोंदीत, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू नये याविषयीचा अधिकार समवर्ती सूचीच्या एकोणतिसाव्या नोंदीत आहे. रुग्णालय राज्याचे आणि राज्याच्या सीमेवरचा नाका मात्र दोघांच्या अखत्यारीत, अशी ही रचना आहे. मे २०२० मध्ये सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात महाराष्ट्रातून आलेले हजारो मजूर अडकून पडले होते आणि इंदूरच्या बायपासवरून उत्तरेकडे चालत जाणारे जथे शहराने पाहिले. त्या माणसांना पाणी देणे, तपासणे, बसमध्ये बसवणे आणि पुढच्या राज्याच्या हद्दीपर्यंत पोचवणे ही कामे वेगवेगळ्या सूचींत मोडत होती, ही गोष्ट नकाशा आणि अनुसूची शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही.

१४ जुलै

उपसमितीची बैठक झाली. विभागातील सर्वांत ज्येष्ठ सरांनी मसुद्यावर घेतलेला आक्षेप गांभीर्याने लिहून ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या मते हा पेपर कायद्याच्या विद्याशाखेचा होत चालला असून आदेशांचे वाचन करणारा विद्यार्थी हुशार कारकून होईल, प्रशासनाचा अभ्यासक होणार नाही. शिवाय एका संकटावर उभा केलेला अभ्यासक्रम त्या संकटाची आठवण पुसट होताच जुना वाटेल. दुसरा मुद्दा मला पटला आणि त्यामुळे मसुद्यात बदल केला: महामारी हे पेपरचे शीर्षक राहणार नाही, ती उदाहरणांचा साठा म्हणून राहील, आणि पाच-सात वर्षांनी उदाहरणे बदलता येतील अशी रचना करायची. पहिला मुद्दा मात्र मला मान्य नाही. ज्याला आदेश वाचता येत नाही तो उत्तरदायित्वावर निबंध लिहितो, त्यात चूक काही नसते आणि माहितीही काही नसते.

रामबागेत राहणारे, नगर निगमातून (इथल्या महापालिकेतून) निवृत्त झालेले एक काका बैठकीला निमंत्रित म्हणून आले होते. ते शांतपणे ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, “मॅडम, तुम्ही कागद वाचायला शिकवताय ते चांगलेच आहे, पण त्या दिवसांत कागद मागाहून यायचा. निर्णय संध्याकाळच्या बैठकीत व्हायचा, रात्री फोन व्हायचे, आणि सकाळी आम्ही रस्त्यावर असताना आदेश टाइप होत असायचा.” या एका वाक्याने पहिल्या घटकाची मर्यादा स्पष्ट केली.

काकांनी ज्या बैठकांचा उल्लेख केला, त्यांतल्या काही ‘क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप’च्या होत्या. मध्य प्रदेशात हे गट जिल्ह्याजिल्ह्यांत नेमले गेले, त्यांत लोकप्रतिनिधी बसत, आणि एप्रिल २०२१ मधील ‘कोरोना कर्फ्यू’ कुठे किती दिवस ठेवायचा यावर त्यांच्यात चर्चा होऊन मग जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघत. २००५ च्या कायद्यात असा गट नाही. त्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी असतो. म्हणजे कायद्याने दिलेले एक टेबल होते आणि प्रत्यक्षात निर्णय दुसऱ्या टेबलावर होत होता, पण सही पहिल्या टेबलावर होत होती. हे बेकायदा होते असे म्हणता येत नाही, कारण सल्ला कोणाचाही घेता येतो. मात्र दुसऱ्या टेबलाचे इतिवृत्त कोणाकडे मागायचे, याचे उत्तर सोपे नाही. मसुद्यात ‘आदेशाआधीचा निर्णय’ असा स्वतंत्र भाग घातला असून त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज हे प्रात्यक्षिक ठेवले आहे.

३० जुलै

स्थानिक स्वराज्याच्या घटकावर सर्वाधिक वेळ गेला, आणि जावा असेच मला वाटते.

चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, स्मशानभूमी व विद्युतदाहिन्या, जन्ममृत्यूची नोंद हे त्यांतलेच. महामारीत ज्या कामांचा सर्वांत जास्त भार पडला ती कामे याच यादीत आहेत. जुन्या पेपरमध्ये विद्यार्थी ही यादी लिहून देतात आणि खाली लिहितात की या दुरुस्तीमुळे लोकशाही तळापर्यंत पोचली.

इंदूरमध्ये २०२० च्या सुरुवातीला नगर निगमाच्या निर्वाचित परिषदेची मुदत संपली. निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात विभागीय आयुक्त प्रशासक होते. पहिली लाट, टाळेबंदी, एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट आणि ओमिक्रॉनची तिसरी लाट, हे सर्व शहराने ८५ वॉर्डांत एकही पदावरचा नगरसेवक नसताना आणि महापौर नसताना पाहिले. अनुच्छेद २४३-यू सांगतो की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ती लांबण्यामागे महामारीबरोबरच आरक्षण व प्रभागरचनेचे वाद होते, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करण्याचा आदेश दिला. ज्या संस्थेचा आम्ही ‘लोकशाहीची पाठशाळा’ म्हणून गौरव करतो, ती सर्वांत कठीण दोन वर्षे अधिकाऱ्यांच्या हाती होती. ही माहिती कुठे दडवलेली नाही, वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती, पण स्थानिक स्वराज्य शिकवताना आमच्यापैकी कोणी ती वर्गात आणली नाही.

राज्याच्या पातळीवरही साथीच्या पहिल्या आठवड्यांत अशीच पोकळी होती. २० मार्च २०२० रोजी मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला, २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला आणि २१ एप्रिलपर्यंत मंत्रिमंडळात मुख्यमंत्र्यांखेरीज कोणीही नव्हते. इंदूरमधील पहिले रुग्ण २५ मार्चला निष्पन्न झाले आणि पुढच्या चार आठवड्यांत हे शहर देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांत गेले. त्या चारही आठवड्यांत राज्याला स्वतंत्र आरोग्यमंत्री नव्हता. अनुच्छेद १६४ राज्यातील मंत्र्यांची किमान संख्या मुख्यमंत्र्यांसह बारा ठेवतो. सामूहिक जबाबदारीचे तत्त्व एका माणसाच्या मंत्रिमंडळाला कसे लागू होते, असा प्रश्न यावर सरळ निघतो.

यावरून अधिकाऱ्यांचे राज्य वाईट आणि निवडून आलेल्यांचे चांगले असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढावा, असा माझा हेतू नाही. टाळेबंदीच्या सर्वांत कडक दिवसांत कचरागाडीवरच्या मदतनिसाकडे किराण्याची यादी द्यायची आणि सामान दारात यायचे, असे अनेक वस्त्यांतले रहिवासी सांगतात; २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत पहिल्या क्रमांकावर असलेल्या शहराची घरोघरी जाणारी यंत्रणा आधीपासून उभी होती म्हणून हे जमले, आणि ती उभी करण्यात अधिकारी व निर्वाचित परिषद दोघांचाही हात होता. प्रश्न वेगळा आहे. यादी दिल्यावर सामान आले नाही, तर २०१९ मध्ये बाई नगरसेवकाच्या दारात जाऊन उभी राहिली असती. २०२० मध्ये तिला मदत क्रमांक होता. या दोन दारांतला फरक मोजायचा कसा, याची पद्धत विद्यार्थ्यांना शिकवता आली तर हा घटक सार्थकी लागेल. माजी नगरसेवकांपैकी काहींकडे लोक तरीही जात राहिले, अधिकार संपलेले असतानाही. त्यांच्या मुलाखती हे क्षेत्रकार्य ठरवले आहे.

आणखी एक गोष्ट. आपत्ती व्यवस्थापन कायद्याची २०२५ ची दुरुस्ती ९ एप्रिलपासून लागू झाली असून तिने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. अध्यक्षस्थानी महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. महापौर दोन्ही जागांवर नाहीत. संसदेने महामारीचा अनुभव गाठीशी असताना ही रचना केली, तेव्हा तिच्यामागचा युक्तिवाद वर्गात नीट मांडला पाहिजे, आणि तिच्याविरुद्धचाही.

१२ ऑगस्ट

तासांचा हिशेब लागला. चार क्रेडिटपैकी तीन व्याख्यानांचे, म्हणजे पंचेचाळीस तास, आणि एक क्रेडिट प्रात्यक्षिकाचे, म्हणजे तीस तास. ज्येष्ठ सरांचा सिद्धान्ताचा भाग पंधरा तासांवर आला असून त्यांनी तो नाखुशीने, पण स्वतः लिहून देण्याचे मान्य केले आहे.

९ सप्टेंबर

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांच्या अहवालाविषयी. १९१८ साली त्यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. प्लेग, हिवताप, नाले, विहिरी, जुन्या पेठा कमीत कमी पाडापाडी करून सुधारणे हे त्याचे विषय. आणि त्याच अहवालात मध्य भारतासाठी इंदूरला विद्यापीठ असावे, अशी योजनाही आहे. साथीचे रोग, नगराचा कारभार आणि विद्यापीठ हे तिन्ही विषय एकाच कागदात यावेत, ही गोष्ट आमच्या प्रकल्पाला फारच सोयीची आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने पाहावे लागले. विद्यापीठ प्रत्यक्षात आले १९६४ मध्ये, ते गेडेस यांच्या कल्पनेतले नव्हे. विभागप्रमुख बाईंची इच्छा होती की पेपरची प्रस्तावना या अहवालाने सुरू करावी. मी तो प्रस्तावनेत न घेता अनुपालनाच्या, म्हणजे लोक शासनाचे सांगणे का व कसे पाळतात या घटकात ठेवला आहे.

कारण गेडेस यांच्या इंदूरमधील कामाची प्रसिद्ध कथा अनुपालनाचीच आहे. दिवाळीला निघणाऱ्या मिरवणुकीचा मार्ग ठरलेला नसेल, ज्या रस्त्यावर सर्वाधिक घरे झाडून-सारवून दुरुस्त झालेली असतील तिथून ती जाईल, अशी दवंडी पिटली गेली आणि शहर कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा राक्षसही होता, असे सांगितले जाते. शिक्षेची धमकी न देता लोकांकडून काम करून घेण्याचे हे उदाहरण महामारीत भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली नोंदवलेल्या, सरकारी आदेश मोडल्याच्या गुन्ह्यांच्या शेजारी ठेवले की वर्गात बोलण्यासारखे पुष्कळ निघते. स्वच्छता सर्वेक्षणातील क्रमांकही त्याच जातीचे साधन आहे. मात्र विद्यार्थ्यांना एक गोष्ट विसरू द्यायची नाही: मिरवणूक काढणारा दरबार मतदाराला उत्तर द्यायला बांधील नव्हता. लोक आनंदाने सहभागी झाले म्हणजे कारभार उत्तरदायी झाला, असे होत नाही.

२६ सप्टेंबर

चालू वर्गावर एक चाचणी पाठ घेतला. विषय निवडला होता परीक्षांचा, कारण त्यात विद्यार्थी स्वतः शासित होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा ३० सप्टेंबरपर्यंत घेण्यास सांगितले. महाराष्ट्राच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने परीक्षा न घेण्याचे ठरवले होते. उच्च शिक्षणाच्या दर्जाचे समन्वयन संघसूचीच्या सहासष्टाव्या नोंदीत, शिक्षण समवर्ती सूचीच्या पंचविसाव्या नोंदीत, आणि २००५ चा कायदा मात्र सर्व कायद्यांवर वरचढ ठरणारे कलम ७२ घेऊन उभा. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला: साथीच्या कारणाने राज्याचे प्राधिकरण परीक्षा पुढे ढकलू शकते, पण परीक्षेशिवाय मागील गुणांवर उत्तीर्ण करा असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही; मुदत हवी असेल तर राज्याने आयोगाकडे मागावी. जीव वाचवण्याचा अधिकार कुठे संपतो आणि पदवी देण्याचा कुठे सुरू होतो, याची रेघ न्यायालयाने ओढली. आमच्याकडे त्या सप्टेंबरमध्ये घरी बसून, पुस्तके उघडी ठेवून उत्तरे लिहिण्याची पद्धत अवलंबली गेली.

वर्गातील बहुतेक जण २०२० मध्ये दहावीला होते आणि मध्य प्रदेश मंडळाचे त्यांचे उरलेले पेपर मे महिन्यात रद्द झाले होते. पदवी परीक्षांविषयीचा न्यायालयाचा निकाल वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मग आमचे पेपर रद्द करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने होता?” तो निकाल विद्यापीठांविषयीचा होता, शालेय मंडळाचा कायदा वेगळा, तिला मंडळाचा अधिनियम व त्या वेळची अधिसूचना शोधण्याचे काम दिले. सुशासनाची लक्षणे शिकवताना असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मागच्या बाकावरच्या दोघांचे म्हणणे होते की पेपर रद्द झाले ते बरेच झाले, कायदा कशाला बघायचा. हेही मत आहे, आणि परिणामांवरून अधिकाराचे मोल ठरवणाऱ्या मोठ्या परंपरेत ते बसते. पुढच्या तासाला त्यांनाच त्या बाजूने बोलायला लावणार आहे.

१३ ऑक्टोबर

पैशाचा घटक. हा जुन्या पेपरमध्ये मुळीच नव्हता.

दोन उदाहरणे घेतली. पहिले, कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना द्यायच्या अनुग्रह रकमेचे. २००५ च्या कायद्याचे कलम १२ राष्ट्रीय प्राधिकरणाला मदतीचे किमान निकष ठरवण्यास सांगते आणि त्यात जीवितहानीसाठीचे साहाय्य येते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी म्हटले की हे ठरवणे बंधनकारक आहे, रक्कम किती ते मात्र न्यायालय सांगणार नाही. सप्टेंबरमध्ये प्राधिकरणाने प्रत्येक मृत्यूमागे ५०,००० रुपये ठरवले, ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायचे. दिल्लीने निकष ठरवला, न्यायालयाने भाग पाडले, रक्कम राज्याच्या निधीतून गेली आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला नसलेला माणूस जिल्ह्याच्या समितीसमोर उभा राहिला. एवढ्या एका उदाहरणात संघराज्य, न्यायव्यवस्था आणि खिडकीवरचा कारकून असे तिघेही भेटतात, म्हणून त्याला दोन पूर्ण तास दिले आहेत.

दुसरे, पंधराव्या वित्त आयोगाचे. आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. प्राथमिक आरोग्याचा पैसा स्थानिक संस्थांच्या हातून जावा, हा विचार महामारीतून आला आणि तो योग्यच आहे. पण त्या पाच वर्षांतले पहिले वर्ष सुरू झाले तेव्हा इंदूरमध्ये अंदाजपत्रकावर मतदान करणारी परिषद अस्तित्वात नव्हती. ३० जुलैच्या नोंदीतला घटक आणि हा घटक एकापाठोपाठ ठेवायचे, हे त्यामुळे ठरले.

गुजरातचा कामाच्या तासांचा निकाल, ज्यात १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथ ही कारखाना कायद्यातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ ठरत नाही असे म्हटले, पूरक वाचनात टाकला आहे. पीथमपूरची औद्योगिक वसाहत इतकी जवळ असताना तो मुख्य भागात हवा होता, पण तास उरले नाहीत.

१८ नोव्हेंबर

मृत्यूच्या आकड्यांचा भाग ठेवायचा की नाही, यावर उपसमितीत बराच वेळ चर्चा झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, जो तेव्हाच्या अधिकृत कोविड मृत्यूंच्या जवळपास दहापट होता. भारत सरकारने त्या गणितपद्धतीवरच आक्षेप घेतला. विभागप्रमुख बाईंना वाटत होते की यातून राजकीय वाद ओढवेल. माझे म्हणणे असे पडले की एकाच मृत्यूची नोंद रुग्णालयात, स्मशानभूमीत, १९६९ च्या कायद्याखालच्या निबंधकाकडे आणि दैनिक पत्रकात अशी चार ठिकाणी चार कारणांसाठी होते, आणि या नोंदी जुळत नाहीत तेव्हा त्यामागे लपवाछपवी असू शकते तशीच व्याख्येतली तफावतही असू शकते. हे दोन्ही वेगळे ओळखता येणे हा प्रशासनाच्या अभ्यासाचा गाभा आहे. भाग ठेवला. दोन्ही बाजूंचे पद्धतीविषयीचे मूळ निवेदन वाचायला द्यायचे, वृत्तपत्रीय मते द्यायची नाहीत.

क्षेत्रकार्याविषयी एक अट मात्र एकमताने घातली. दुसऱ्या लाटेत घरातले माणूस गेलेले विद्यार्थी वर्गात असणार, हे गृहीत धरून स्मशानभूमी व रुग्णालय या विषयांवरचे काम कोणालाही सक्तीचे नसेल आणि ते का नको, हे कोणी विचारणार नाही. मुलाखत घेताना मृताचे नाव लिहायचे नाही.

५ डिसेंबर

अध्ययन मंडळाची बैठक झाली. पेपर काही बदलांसह मंजूर झाला असून विद्वत परिषदेच्या संमतीनंतर २०२६-२७ च्या सत्रापासून लागू होईल. ‘आदेशाआधीचा निर्णय’ हे शीर्षक बदलून ‘निर्णयप्रक्रिया: औपचारिक व अनौपचारिक’ असे करण्यात आले, मजकूर तसाच आहे, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. माजी नगरसेवकांच्या मुलाखतींबरोबर प्रशासकीय अधिकाऱ्यांच्याही घ्याव्यात, ही बाहेरच्या तज्ज्ञ सदस्यांची सूचना रास्त होती. ती स्वीकारली.

अडले ते प्रश्नपत्रिकेपाशी. लेखी परीक्षेत न पाहिलेला एक आदेश जोडून त्यावर प्रश्न विचारावा, असा आमचा प्रस्ताव होता. परीक्षा विभागाचे म्हणणे की ठरलेल्या साच्यात जोडपत्राला जागा नाही. तूर्त तो आदेश अंतर्गत मूल्यमापनात विचारला जाईल आणि लेखी परीक्षेसाठी साचा बदलण्याचा वेगळा प्रस्ताव जाईल. माहिती अधिकाराच्या प्रात्यक्षिकाचेही वेळापत्रक बदलावे लागले: उत्तराची कायदेशीर मुदत तीस दिवसांची आहे आणि अपिलाची वेळ आली तर सत्र संपून जाते, म्हणून अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात दाखल करून घ्यायचे आणि उत्तर आले नाही तर न आलेल्या उत्तरावर अहवाल लिहायचा.

जानेवारीअखेर आदेशांचा संच तयार करायचा आहे. मूळ आदेश हिंदीत आहेत ते तसेच ठेवायचे, केंद्राचे इंग्रजी आदेश अधिकृत हिंदी प्रतींसह घ्यायचे, आणि जिल्ह्याच्या आदेशांत प्रतिबंधित क्षेत्राच्या नावाखाली ज्या घरांचे पत्ते छापले गेले होते ते प्रत काढण्यापूर्वी झाकायचे. हे शेवटचे काम रामबागेच्या काकांनी आपणहून मागून घेतले आहे.